काट्यावरचा सदरा

हिलारियाने बॅगेतून इस्त्री काढून फरशीवर ठेवली. तिहुआनाच्या विमानतळावरच्या वजनकाट्याचा आकडा हलला नाही. मग तिने बूट काढले, सुनेसाठी घेतलेलं पातेलं काढलं. आकडा तिथंच.

"मावशी, पंधरा किलोच चालतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "हे अजून बावीस दाखवतंय. सामान कमी करा, नाहीतर जादाचे पैसे भरा."

"कमी करायला उरलंय काय?" नणंद युफ्रोसिना पुढे सरसावली. "आता माझे दात काढून ठेवू? काटा तरी देवाला स्मरून लावलाय ना?"

मुलीने बॅग शेजारच्या काट्यावर ठेवली. तिथंही बावीस.

बॅगेत आता तिच्या लेकाचा, सेलेरिनोचा सदरा तेवढा होता, सब्जाच्या डहाळीसकट घडी घातलेला.

काल हिलारिया त्या खड्ड्यापाशी जाऊन आली होती, जिथं मातीचा कडा ढासळून तिघं मजूर गाडले गेले. लेकाच्या देहाची केव्हाच गावी माती झाली होती. पण माणूस पडतो तिथंच त्याची सावली बसून राहते. तिला नावानं हाक मारायची, सदऱ्यात घ्यायची आणि वाटेतला प्रत्येक उंबरा सांगत घरी न्यायची. तिकडे गावी, वाहाकातल्या घरात, बापाची सावली परतली नाही म्हणून सेलेरिनोचं लेकरू अजून झोपेतून किंचाळत उठत होतं.

युफ्रोसिना बॅगेवर वाकली.

"वहिनी, हाक कशी मारलीस?"

"मारली की."

"नाव घेऊन?"

हिलारियाने खांद्यावरची शाल उगीचच सारखी केली. "ती माती बघितली आणि नाव तोंडातून फुटेचना. म्हटलं, बाळा, चल, आई आलीय."

दोघी सदऱ्याकडे पाहत राहिल्या. सेलेरिनोबरोबर गाडल्या गेलेल्या दोघांचं गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"आता घे नाव," युफ्रोसिना कुजबुजली. "ज्याचं नाव तोच राहील, बाकीचे उतरतील. पैसे कुठून भरणार आपण?"

हिलारिया वाकली. तिने ओठ उघडले, तशी सदऱ्याची बाही किंचित आत ओढली गेली. घराबाहेर काढतील या भीतीनं पोर अंग चोरतं, तशी.

तिने ओठ मिटले. दोन्ही हात खाली घालून सदरा उचलला. रिकाम्या बॅगेचा आकडा झरकन तीनवर आला.

"अय्या!" मुलगी काट्याकडे बघत म्हणाली. "सदरा हातात न्या, मावशी. त्याला पैसे नाहीत."

युफ्रोसिना इस्त्री, बूट, पातेलं बॅगेत भरू लागली. चेन ओढताना पुटपुटली, "घरी गेल्यावर देवापुढे पाण्याचे तीन पेले मांडावे लागतील."

हिलारिया कमरेत वाकून, पाय ओढत चालत होती. विमानाच्या दाराशी ती थांबली. छातीशी धरलेला सदरा तिने जरा वर घेतला.

"उंबरा आहे, पोरांनो," ती हळूच म्हणाली. "जपून."