हाडांची परीक्षा

हाडं मोजायच्या मशीनवर पोरांना झोपवायचं, हे माझं काम. सगळे मला मामा म्हणतात. पोर हललं की फोटो बिघडतो, म्हणून प्रत्येकाला एकच सांगायचो, "ही हाडांची परीक्षा. गप पडलास तर पास."

पिटुकली पाच वर्षांची. दीड वर्षात तिसऱ्यांदा हात मोडलेला. आई म्हणायची, पलंगावरून पडली. डॉक्टरीणबाईंना पटेना. "मामा, हाडं ठिसूळ निघाली तर आजार. चांगली निघाली तर घरी कुणीतरी मारतंय. मग घरी नाही सोडायची."

आदल्या दिवशी आईला वेळ सांगायला गेलो. कॅल्शियमच्या गोळ्या बंद ठेवा, हेही सांगायचं असतं, कारण पोटातली गोळी मशीन हाड म्हणून मोजतं.

"मामा, उद्या काय करणार हो?"

"काय करायचंय? परीक्षा आहे. पास होईल तुमची लेक."

आणि चहाला पळालो. गोळ्यांचं राहिलं ते राहिलंच.

पिटुकली दगडासारखी पडून राहिली. मणक्याचा आकडा चांगला आला. दुपारी बालगृहाच्या दोन बाया कागद घेऊन आल्या आणि पोरीला घेऊन गेल्या. आईनं मला जिन्यात गाठलं.

"पास झाली ना? मग नेली कशाला? मी सकाळी आठ गोळ्या कुटून दुधातून पाजल्या, आकडा चांगला यावा म्हणून."

तसाच वर गेलो, डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोट साफ होऊ दे. चार दिवसांनी पुन्हा मोजू. तोवर राहील तिथं."

तिसऱ्याच दिवशी बालगृहातली बाई तिला चादरीत घेऊन आली. दुसऱ्या हाताचा दंड मोडलेला. "आंघोळीला नुसती बगलेत धरून उचलली हो."

त्या बाईवर सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. आई भिंतीला टेकून ऐकत होती.

तरी कागदाला आकडा लागतोच. चौथ्या दिवशी पिटुकलीला पुन्हा झोपवली. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. मशीन सुरू झालं आणि ती पाय झाडायला लागली.

"अगं बाय, गप पड की."

"नाही. पास झाले की नेतात."

दोन फोटो वाया गेले. टेक्निशियनबाई काचेमागून म्हणाली, "मामा, धरा तिला."

मी हात पुढे केले. तिला कुठं धरावं, तेच कळेना.