मेजाकडे येण्याआधी

चारुशीलाने दारातल्या चपलांचे जोड मोजले. सव्वीस. शिवाय लहान मुलाची एक सुटी सँडल आणि पाळकसाहेबांचे काळे बूट. गेल्या शुक्रवारी तिच्या घरी प्रार्थना होती तेव्हा नऊ जोड होते, आणि त्यांतले तीन घरचेच.

आज प्रार्थना हरणाबाईच्या खोलीत होती, एसटीडी बूथच्या मागे. जागा व्हावी म्हणून शिलाईचं मशीन भिंतीला लावलं होतं. आत कुणीतरी काही बोललं आणि सगळे हसले. प्रार्थनेला आलेली माणसं, आणि हसतात! चारुशीला मागे वळली, तोच उशिरा आलेली शेजारची मंगल समोर आली.

"आत या की बाई. लय माणसं जमल्यात."

"डोकं दुखतंय गं." दोन पावलं जाऊन ती थांबली. "मंगल, रविवारी हात वर करताना विचार कर. हरणाबाई मनानं भोळी आहे. पण पंचाचं काम तिला झेपायचं नाही."

मंगल चपला काढता काढता नुसती "बरं" म्हणाली.

फलटणच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पंच कमिटीवर यंदा, चौऱ्याण्णव साली, पहिल्यांदाच एक बाई निवडायची होती. नावं दोनच आली होती. चारुशीला हायस्कूलमध्ये गणित शिकवायची आणि बारा वर्षं दर रविवारी शास्त्रपाठ वाचायची. हरणाबाईला जतकडून येऊन चार वर्षंही झाली नव्हती. तरी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले होते, "शुद्ध अंतःकरण कसं असतं ते पाहायचं असेल, तर हरणाबाईंकडे पाहा." सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. चारुशीलानेही. सावळा चेहरा, पुढे आलेला एक दात, आणि तरी नजर हटत नव्हती. घरी येऊन ती बराच वेळ आरशासमोर उभी होती.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, ज्याच्या मनात ज्याच्याविषयी काही असेल त्याने त्याच्या घरी जाऊन ते बोलून टाकायचं, ही मंडळीची जुनी रीत. चारुशीलाकडे कधी कुणी येत नसे. तीही कुठे जात नसे.

शनिवारी संध्याकाळी हरणाबाई आली.

"सलाम, ताई. चहा नगं. आदी ऐका, न्हाईतर माझा धीर जायाचा."

"बोला."

"मला तुमचा हेवा वाटतो. तुमी वाचाया उभ्या ऱ्हाता, कडक इस्त्रीची साडी, आवाज कसा खणखणीत. माझा जीव नुसता जळतो. मागल्या रविवारी तुमी अडखळलासा, तवा मला लय बरं वाटलं. घरी जाऊन एक भाकरी जास्त खाल्ली बघा."

चारुशीलाला हसू आलं नाही.

"एवढ्यासाठी आलात?"

"आवं, एवढ्यासाठी कसं? हे पोटात ठिवून उद्या प्रभूच्या मेजाकडं कशी येऊ? माफ करा मला."

"केलं."

हरणाबाईने पदराने कपाळ पुसलं आणि ती ऐसपैस बसली. "आता तुमी बोला. तुमच्या मनात हाय काय माझ्याविषयी?"

चारुशीलाने समोरचा धुतलेला कप उचलला. पुसला. उलटा करून पुन्हा पुसला. चपला काढणारी मंगल तिच्या डोळ्यांसमोर आली.

"छे. काही नाही."

"खरंच न्हाई?" हरणाबाईने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "लय निर्मळ हायसा तुमी, ताई. मला न्हाई जमत. चला, आता पाजा चहा."

रविवारी दोघी पहिल्या बाकावर शेजारी बसल्या. भाकर आली, पेला आला, चारुशीलाने घेतला. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, मत सगळ्यांना आहे, नावं आलेल्यांनाही.

आधी हरणाबाईचं नाव पुकारलं. मंडळीचे खजिनदार आप्पासो बाकांमधून मोजत गेले. हरणाबाईचे हात मांडीवरच होते.

"वीस."

मग चारुशीलाचं नाव. तिने आपला हात कानापर्यंत उचलला. शेजारी बांगड्या वाजल्या. हरणाबाईचा हात सरळ वर गेला होता.

आप्पासो मागून मोजत आले. पहिल्या बाकाशी पोचले तेव्हा ते एकोणिसावर होते. तिथले दोन हात त्यांनी मोजले.

"एकवीस."