नेटाला किल्ला दाखवला तेव्हा

"तिकीट काढून किल्ला बघायचा? आपल्याच गावात?" मी म्हणाले.

"पैसे मी देतेय ना? मग तुझं का पोट दुखतंय?" नेटा म्हणाली.

नेटा माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात लग्न करून कॅनडाला गेली, ती एडिनबराला परत आली थेट म्हातारपणी, नवरा गेल्यावर. तिकडे हॅमिल्टनच्या एका शाळेत तिने जन्मभर मुलांना जेवण वाढलं. इथे मी बिस्किटांच्या कारखान्यात डबे भरले. माझ्या समोरचं घर तेव्हा रिकामं होतं. ते नेटाने घ्यावं, उरलेले दिवस दोघींनी एका मजल्यावर काढावेत, असं माझ्या मनात होतं. घरमालकाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "आधी गाव नीट बघू दे मला," ती म्हणाली, म्हणून शनिवारी आम्ही निघालो.

किल्ल्याकडे जाणाऱ्या कॅनॉनगेट रस्त्याच्या चढावर ती प्रत्येक बोळाच्या तोंडाशी थांबायची. इथे आपण दोरीवरच्या उड्या मारायचो. इथे मॅगी टॉडने माझी वेणी ओढली होती. मला वाटलं, झालं, राहिली ही.

सेंट जाइल्सच्या चर्चपुढे रस्त्यात बदामाच्या आकारात दगड बसवलेत. पूर्वी तिथे तुरुंग होता, म्हणून आमची माणसं येता-जाता त्यावर थुंकतात. मी थुंकले. नेटाही थुंकली, पण शेजारी फोटो काढणाऱ्या जोडप्याला म्हणाली, "माफ करा हं, इथली रीतच आहे तशी."

"त्यांची कसली माफी मागतेस? त्यांच्या बुटावर पडलं का?"

"तुझा नेम बघता पडलंच असतं."

सत्तरी आली तरी मी किल्ल्यात पाऊल टाकलं नव्हतं. किल्ला खालून बघायचा असतो. आत राणीची बाळंतपणाची खोली पाहिली. जेमतेम पलंग मावेल एवढी.

"एवढ्याशा खोलीत राजा जन्मला?" नेटा म्हणाली. "आपण पाचही भावंडं याहून लहान खोलीत जन्मलो."

"म्हणून तर वाचलो. त्या राणीचं पुढे मुंडकं उडवलं."

मग तटापाशी कागदी पेल्यातून चहा घेत उभ्या राहिलो. खाली सगळं गाव आणि पलीकडे समुद्राचा पट्टा. तिथून रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ सुटते. आमच्या लहानपणी आई त्याच तोफेवर बटाटे उतरवायची. नेटाला ते वेगळं सांगायचं काय?

तोफ सुटली. नेटा किंचाळली आणि चहा तिच्या कोटावर सांडला. भोवतीचे बाहेरगावचे पाहुणेही दचकले होते. ते आता हसायला लागले. एका परक्या बाईने तिचा दंड धरून विचारलं, "तुम्हीही पहिल्यांदाच आलात का?"

नेटाने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ लावत होते.

"तू दचकली नाहीस," ती म्हणाली.

"दचकायचं काय त्यात? घड्याळ मागे पडलंय का, तेवढं बघायचं."

ती बराच वेळ कोट पुसत राहिली.

"आमच्याकडे पोलादाच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा," ती म्हणाली. "नवीन सून आली, ती दर भोंग्याला उडायची. मी तिला हसायचे."

मी पेल्यातला उरलेला चहा संपवला.

"घर छान आहे गं एफी. पण सोमवारी घरमालकाला नाही म्हणून सांग."

"एका तोफेपायी?"

"तोफेपायी नाही. दुकानात सुटे पैसे शोधायला मला वेळ लागला, तर मागची माणसं हसून थांबतात. तुला वेळ लागला तर ओरडतात."

"तुझ्यावरही ओरडायला सांगते त्यांना."

"सांगून ओरडतील, त्याचा काय उपयोग?" ती म्हणाली आणि माझ्या हातातून रिकामा पेला घेतला.

गुरुवारी मी तिला विमानतळावर सोडून आले.

आमच्या जिन्यात पायऱ्या धुण्याच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पुठ्ठ्याची पाटी अडकवायची. परत आले तर पाटी समोरच्या रिकाम्या घराला लावलेली. वरच्या मजल्यावरच्या मिसेस गेडीसला वाटलं असावं, नेटा राहायला आली.

मी पाटी काढून माझ्या दाराला अडकवली. बादलीत गरम पाणी घेतलं, आणि समोरच्या दारापुढच्या फरशीपासून सुरुवात केली.