जुन्या टोपलीतली नवी अळंबी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. जुनी आहे, एवढं एकच मला पक्कं ठाऊक आहे. बाकी माझ्या आयुष्यात जे घडलं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कळलं तर बघा.

माझ्या मालकिणीला मी मावशी म्हणते, कारण तिची भाची तिला तशी हाक मारते. मावशीच्या नवऱ्याने मला विणलं. तळ जरा विरळ झाला, म्हणून मावशी त्यांना हसली होती. पण माझ्यातून एकही अळंबी कधी सांडली नाही! डोंगरावरच्या जंगलात, कुजक्या ओंडक्यांच्या आडोशाला बदामी रंगाच्या अळंब्या उगवायच्या. मावशी त्या अलगद पिरगळून काढायची, देठाची माती पुसायची आणि मला भरायची. घरी कांद्यावर परतल्या की वास शेजारपर्यंत जायचा. शेजारी राहणाऱ्या धाकट्या जाऊबाई तर ताट घेऊनच यायच्या. "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" असं म्हणायच्या. माझं नाव कुणी काढत नसे, पण मला आपलं उगीच बरं वाटायचं.

मावशीची भाची प्रयोगशाळेत अळंब्यांचा अभ्यास करते. एकदा सुट्टीला आली असताना ती अळंब्या निवडायला बसली आणि एक उलटी धरून बघतच राहिली.

"मावशी, देठाला ही जांभळी कड कसली गं? पुस्तकातल्या बदामी अळंबीला अशी नसते. ही नवीच जात असणार!"

नवी? माझं डोकं चक्रावलं. माझा वेत काळा पडेपर्यंत मी हीच अळंबी वाहिली, आणि ती म्हणे नवी!

भाचीने मला भरून प्रयोगशाळेत नेलं. तिथे तिने अळंबीची छत्री कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर वाटी झाकली. छत्रीखालून बारीक भुकटी झडते, तिला बीजाणू म्हणतात. तिच्या रंगावरून जात ओळखायला मदत होते. सकाळी वाटी उचलली, तर कागदावर फिकट गुलाबी ठसा होता आणि त्यात तपकिरी भुकटी मिसळलेली. भाचीचा चेहराच उतरला. तपकिरी बीजाणूंच्या काही अळंब्या जीवघेण्या असतात. तिने लगेच मावशीला फोन करून सांगितलं, "मी सांगेपर्यंत ती अळंबी कुणी खाऊ नका. त्यात विषारी जात मिसळलेली दिसतेय."

मी घरी परतले तेव्हा घराची कळाच गेली होती. जाऊबाई ताट घेऊन येईनाशा झाल्या. मावशीने साधी बटाट्याची भाजी पाठवली, तीही तशीच परत आली. "मुलं लहान आहेत, ताई. राग मानू नका," एवढंच त्या म्हणाल्या.

मावशी ओट्याशी नुसती उभी राहिली. "इतकी वर्षं मी घरच्यांना विष घातलं का गं?" तिने विचारलं. मला विचारलं की स्वतःला, कोण जाणे. मग तिने मला माळ्यावर टाकलं.

धूळ खात पडल्या पडल्या मी विचार करून थकले. अळंबी तीच, मावशी तीच, खाणारे सगळे ठणठणीत. मग विष आलं कुठून? काही केल्या उलगडेना.

काही दिवसांनी भाची पुन्हा नमुने न्यायला आली. तिने टेबलावर पांढरा कागद पसरला, मला माळ्यावरून काढून त्यावर ठेवलं आणि दोघी चहा प्यायला बसल्या. निघताना तिने मला उचललं आणि ती ओरडलीच. कागदावर माझ्या तळाची नक्षी उमटली होती, तपकिरी भुकटीची! आणि माझ्यात तर एकही अळंबी नव्हती.

"मावशी, या टोपलीत तू अजून काय आणतेस?"

"लोकर रंगवायची तपकिरी अळंबी. ती कोण खातंय? घरातसुद्धा घेत नाही मी ती, परसातच उकळते."

"पण टोपली हीच?"

"मग काय, तिच्यासाठी वेगळी गाडी करू?"

भाची हसत सुटली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसावं की रडावं तेच कळेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच का? पण मग चोर कोण, मी?

मला उकळत्या पाण्याने घासलं, उन्हात वाळवलं. या वेळी प्रत्येक अळंबी वेगळ्या कागदात गुंडाळली गेली. ठसा नितळ गुलाबी आला. तपासणीत विष सापडलं नाही, आणि माहितीतल्या कुठल्याच जातीशी ती जुळली नाही. खरंच नवी जात! तिला मावशीचं नाव मिळालं.

मावशीला त्या नावाचं काही नव्हतं. तिने भाजी केली आणि दाराकडे बघत बसली. जाऊबाई आल्या. हातात रिकामं ताट होतं, मान खाली होती. त्यांनी तिथेच बसून पहिला घास घेतला.

"ताई, मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या. मावशीचा जीव भांड्यात पडला.

रंगाच्या अळंबीला आता वेगळी टोपली आहे. माझा गोंधळ मात्र तसाच आहे. अळंबी नवी ठरली हे एक वेळ मानते. पण इतक्या वर्षांची मावशी एका फोनने परकी कशी झाली? म्हणून मित्रांनो, जंगलातली अळंबी जाणत्याला दाखवल्याशिवाय खाऊ नका. टोपली वापरली की घासून ठेवा. आणि कुणावर डाग दिसला, तर तो त्याचाच आहे की टोपलीचा, हे पाहिल्याशिवाय त्याची भाजी परत पाठवू नका.