केसांमागची बाई

घाबरू नका, बोलतंय ते भूत नाही. भुताच्या डोक्यावरचे केस आहेत. म्हणजे मी, एक विग. कमरेइतका लांब, काळाभोर, आता मात्र जागोजागी विरळ झालेला. टीव्हीवरच्या त्या मालिकेत पांढरा झगा घालून, तोंडावर केस सोडून, हात पुढे करून चाचपडत येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. तुमच्या पोरांनी चादर पांघरून तिच्या नकला केल्या असतील. पोरं जेवत नसली की तुम्हीही त्यांना तिची भीती घातली असेल. तिच्या तोंडावर पडदा होऊन लोंबायचो तो मी.

माझा जन्म एका म्हाताऱ्या कारागिराच्या हातून झाला. एका खिडकीच्या खोलीत बसून तो जाळीवर एकेक केस आकड्याच्या सुईनं गाठ मारून बसवायचा. मागचा भाग त्यानं भराभर उरकला, पण कपाळाजवळ आला की त्याचा श्वाससुद्धा हळू व्हायचा. तिथं त्यानं बारीक, कोवळे केस लावले, मध्ये सरळ भांग पाडला. "विग चेहऱ्यासाठी असतो," तो त्याच्या बायकोला सांगायचा. "चेहरा खुलला नाही, तर गेली सगळी मेहनत पाण्यात." बायको म्हणायची, "आधी जेवायला या, मग खुलवा कुणाचा तो चेहरा." मला वाटायचं, आपण एखाद्या नायिकेच्या डोक्यावर जाणार, लोक आपला भांग बघणार. नशीब बघा. त्या भांगाकडे आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी ज्या बाईच्या डोक्यावर गेलो तिला मी मनातल्या मनात माझी बाई म्हणतो. तिचं नाव सेटवर कुणी घेतलं नाही, मग मी तरी कशाला घेऊ? नाटकातून आलेली, तिशी उलटलेली. आधी तिनं पडद्यावर बरंच काम केलं होतं, पण तुकड्या-तुकड्यानं. साबणाच्या जाहिरातीत तिचे हात होते. एका सिनेमात नायिका पाठमोरी पळते, ती पाठ तिची होती. या मालिकेत तिला पहिल्यांदा चेहऱ्याचं काम मिळालं. भूत असेना का, पण चेहऱ्याचं भूत. घुसमटून मेलेली सून, खिडकीतून नुसती बघते आणि तिच्या बघण्यानं घर हादरतं, अशी ती भूमिका होती. डोळ्यांचंच काम. महिनाभर ती आरशासमोर बसून नुसती बघण्याची तालीम करत होती म्हणे.

पहिल्या दिवशी ऐनवेळी मेकअपच्या खोलीतले दिवे गेले. बाहेर मोठ्या नायिकेला दुसऱ्या शूटिंगला जायचं होतं, दिग्दर्शक बोंबलत होता, "भूत कुठाय? भुताला आणा रे!" केस बांधणाऱ्या ताईंनी अंधारातच मला उचललं, बाईच्या डोक्यावर दाबलं, वरून फणी फिरवली आणि तिला दाराबाहेर ढकललं. घाईत त्यांनी मला उलटं बसवलं होतं. मागचे सगळे केस पुढे. म्हाताऱ्याचा तो नाजूक भांग मानेवर.

"अहो, थांबा ना, मला काही दिसत नाहीये!" माझी बाई म्हणत होती. धुराचं मशीन सुरू होतं, कोण ऐकणार? तिनं हात पुढे केले आणि चाचपडत निघाली. केबलला अडखळली, तोल सावरला, मान एका बाजूला कलली. नायिका खरोखर किंचाळली.

"कट!" दिग्दर्शक खुर्चीवरून उठून नाचायला लागला. "हेच! हेच पाहिजे! काय चालली ती! कुणाची आयडिया?"

ताई दिव्याच्या उजेडात आल्या, मला बघून त्यांनी जीभ चावली. पण दिग्दर्शक खूश आहे म्हटल्यावर त्या कशाला तोंड उघडतील? बाईनं मला वर करून विचारलं, "सर, पण माझे डोळे? ते बघण्याचं काम?"

"अगं, डोळ्यांचं काय घेऊन बसलीस! हे बघ, असंच ठेवायचं. शेवटच्या भागात केस बाजूला होतील आणि तुझा चेहरा दिसेल. लोक वाट बघतील नुसती. शब्द देतो तुला."

ती चूक मालिकेची ओळख झाली. पुढं दिग्दर्शकानं मुलाखतीत सांगितलं की, ते चालणं त्याला स्वप्नात दिसलं. मी तेव्हा खुंटीवर लटकत होतो. मला तोंड असतं तर तिथंच हसलो असतो.

मालिका चालली. वर्ष झालं, दुसरं लागलं. तुम्ही घरी घाबरून उशीमागे तोंड लपवत होतात, तेव्हा आमच्याकडे काय चालायचं ते सांगू? भूत हवेत तरंगायचं ते एका चाकाच्या पाटावर उभं राहून, दोन दांडगे गडी दोरीनं ओढायचे आणि वळणावर एकमेकांना शिव्या घालायचे. धुरानं सगळ्यांना खोकला लागायचा, फक्त भुताला खोकायची बंदी. दोन शॉटच्या मध्ये माझी बाई एका हातानं मला पडद्यासारखं बाजूला सारून चहात बिस्किट बुडवून खायची. एकदा बिस्किट माझ्यातच अडकलं आणि पुढच्या शॉटला मुंग्या निघाल्या. नायिका तेव्हाही खरी किंचाळली. दिग्दर्शक म्हणाला, छान, ठेवा.

माझ्या बाईला सगळे भूतच म्हणायचे. "भूत जेवलं का?" "भुताला उद्या सकाळी बोलवा." तिला कणकण असली तरी ती यायची, कारण एक दिवस नाही आली, तर झगा आणि विग कुणालाही घालता येतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. केसांमागे कोण आहे हे कुणाला दिसणार होतं?

पुढं काटकसर म्हणून त्या ताईंना काढून टाकलं. मला धुण्या-विंचरण्याचं काम माझ्या बाईच्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून दर आठवड्याला मी पिशवीतून तिच्या घरी जायला लागलो. जिन्याखालून वळून जायची दोन खोल्यांची जागा. घरात ती आणि तिची आई. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ती घरभर हात पुढे करून चालायची, भिंत चाचपत, मान एका बाजूला कलती ठेवून. माझ्या बाईचं ते गाजलेलं चालणं पुढं पुढं इतकं खरं का होत गेलं, ते मला त्या घरात कळलं.

बाई मला धुऊन पालथ्या पातेल्यावर वाळत घालायची आणि आई मला मांडीवर घेऊन विंचरत बसायची. तिला धड दिसायचं काहीच नाही, पण गुंता बोटांना बरोबर सापडायचा. ओढायची नाही. टोकापासून हळूहळू वर यायची, लहान मुलीचे केस विंचरावेत तशी. माझ्या आयुष्यात मला माणसासारखं वागवलं ते तिनं.

डॉक्टर तिला ऑपरेशन करून घ्या म्हणून कधीचे सांगत होते. ती ऐकायची नाही.

"डोळ्यांवर पट्टी बांधली की भाग चुकतील माझे," ती म्हणायची.

"आई, तुला आत्ता तरी कुठं धड दिसतंय?"

"अंधूक दिसतं की. पांढरं पांढरं हलतं ते तू, एवढं कळतं मला. शेवटच्या भागात तुझा चेहरा दाखवणार आहेत ना? तेवढं होऊ दे. नेमका त्याच दिवशी डोळा बांधून बसू का मी?"

बाई हसायची. मग आरशासमोर जाऊन बघण्याची तालीम करायची. ती तालीम तिनं कधीच सोडली नव्हती.

शेवटचा भाग आला. दिग्दर्शकानं शब्द पाळला, हे मला कबूल करावंच लागेल. माझी बाई खिडकीशी आली, वाऱ्याच्या पंख्यानं मी बाजूला झालो आणि तिनं समोर बघितलं. दोन वर्षं साठवलेलं बघणं होतं ते. राग नव्हता त्यात. आपल्याला कुणीतरी बघतंय, एवढ्यानंच तिचे डोळे भरून आले होते. कट म्हणायचं दिग्दर्शक विसरला. पाट ओढणाऱ्या गड्यांतला एकजण नाक ओढत बाहेर गेला. त्या दिवशी घरी जाताना ती पिशवीतल्या माझ्याशी बोलत होती.

पंधरवड्यानं परत बोलावणं आलं. वाहिनीच्या लोकांनी ठरवलं होतं की, भुताचा चेहरा नव्या मालिकेच्या नायिकेचा असावा. म्हणजे लोक तिला ओळखतील, तिच्या मालिकेची आयती जाहिरात होईल. ही मालिका संपते तिथं ती सुरू होणार होती. आयत्या बिळावर नागोबा.

"तू समजून घेशील याची मला खात्री आहे," दिग्दर्शक माझ्या बाईला म्हणाला. तिच्याकडे बघून नाही, मोबाईलकडे बघून. "चालणं तुझंच ठेवलंय. खिडकीपर्यंत तूच. पुढचं ती करेल."

"सर, माझा तो शॉट... मला एकदा बघायला तरी मिळेल? आईला दाखवायचा होता."

"बघतो. पुसला नसेल तर."

बाई खिडकीपर्यंत चालत गेली. कट झाला. मला तिच्या डोक्यावरून काढून त्या नव्या नायिकेच्या डोक्यावर ठेवलं. "ई, कसला वास येतोय याला!" ती मुलगी म्हणाली. वास येणारच, दुसऱ्या बाईच्या दोन वर्षांच्या घामाचा होता तो. पंखा सुरू झाला, मी बाजूला झालो. त्या मुलीनं समोर बघितलं, आणि शॉट झाल्यावर विचारलं, "मी नीट दिसले ना?" केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते त्या दिवशी माझ्याकडून करवून घेतलं.

माझी बाई घरी काही बोलली नाही. कशी बोलणार? आईनं शेजारच्या काकूंना, वरच्या मजल्यावरच्यांना, सगळ्यांना आधीच आमंत्रण देऊन ठेवलं होतं. त्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई टीव्हीला नाक लावून बसली. मी कपाटावर पातेल्यावर होतो. पडद्यावर मी बाजूला झालो आणि तो चेहरा दिसला.

"अगं, पण ही तर..." काकू बोलायला लागल्या.

बाईनं त्यांचा हात दाबला. "मेकअप असतो ना, काकू. मेकअपमध्ये ओळखू येत नाही माणूस."

काकूंची जीभ एरवी आवरता न येणारी, पण माझ्या बाईच्या तोंडाकडे बघून त्यांनी ती आवरली. "हो, हो. मेकअपच तो. मी म्हणतेच," त्या म्हणाल्या.

आई रडत होती. टीव्हीच्या काचेवर हात ठेवून म्हणत होती, "किती सुंदर दिसतेस गं! नाक बघा, अगदी हिच्या बाबांचं नाक आहे."

सगळे मान डोलवत होते. मीच तेवढा त्या पातेल्यावर टाळूपासून टोकापर्यंत जळत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. आईनं काकूंच्या मागं लागून वर्तमानपत्रात आलेला भुताच्या त्या चेहऱ्याचा फोटो मिळवला, चौकट करून घेतली आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायची. माझी बाई त्या परक्या मुलीच्या फोटोखाली बसून जेवायची.

मग ऑपरेशनला सबब उरली नाही. आधी एक डोळा झाला, मग दुसरा; पण चष्मा मिळेपर्यंत सगळं अंधूकच होतं. ज्या दिवशी डॉक्टरांनी नवा चष्मा दिला, त्या दिवशी दोघी दुपारी घरी आल्या. आई पहिल्यांदाच हात पुढे न करता आत आली. बाई घाईघाईनं म्हणाली, "बस तू, मी चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेली. फोटो उतरवायचं धाडस तिला झालं नव्हतं. काय होणार हे तिला माहीत होतं. आत भांडी उगाचच वाजत होती.

आई फोटोसमोर जाऊन उभी राहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या नाकाकडे बघितलं. मग वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. तिथून तिला ओट्याशी उभी असलेली तिची मुलगी दिसत होती, एका बाजूनं, कानामागे केस सारलेली. किती वर्षांनी धड दिसत होती कोण जाणे. मला त्या म्हातारीच्या हातांची ओळख होती. गुंता सापडला की थांबायचा, तसा एक हात चौकटीवर थांबला होता.

बाई चहा घेऊन आली. "दिसतंय का गं नीट?" तिनं विचारलं.

"दिसतंय," आई म्हणाली. "सगळं दिसतंय." तिनं चहा हातात घेतला, एक घोट घेतला. "तुझ्या फोटोवर धूळ बसलीय बघ. पूस जरा."

माझ्या बाईनं आईकडे बघितलं. तेच दोन वर्षं तालीम केलेलं बघणं, आणि ते बघायला कॅमेरा नव्हता. मग ती पुढं झाली आणि बाहीनं त्या मुलीचं तोंड स्वच्छ पुसलं.

तो फोटो अजून तिथंच आहे. दोघींपैकी कुणीच त्याबद्दल बोलत नाही. मला परत मागायला स्टुडिओतून कुणी आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. त्यांचं नवं भूत म्हणे संगणकावर होतं, त्याच्या केसांचा गुंता होत नाही, त्याला आईही नाही. मी कपाटावर, त्या फोटोच्या बरोबर समोर. आई मला अजून विंचरते, पण आता डोळ्यांनी बघून. परवा तिनं मला उलटापालटा करून पाहिलं आणि म्हाताऱ्याचा तो भांग तिला सापडला. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसली होती.

माझं एकच मागणं आहे. मला टाकून द्यायच्या आधी एकदा, फक्त एकदा, मला सुलटा बसवा. तिच्याच डोक्यावर.