पत्र्याच्या पेटीतला कॉम्प्युटर

निगडीच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर धुळीपासून जपावा म्हणून मी त्याला जाड पत्र्याची पेटी करून घातली होती. तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढलेल्या माणसाला पत्र्याइतकं भरवशाचं दुसरं काही वाटत नाही.

शेजारची दिव्या माझ्याकडे गणित शिकायला येते. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी ती वडिलांचा लॅपटॉप घेऊन आली.

"आजोबा, यावरच देते ना."

"अगं, ते खेळणं आहे. माझ्या कॉम्प्युटरवर बस. मोठं मशीन, त्याची रेंजही मोठी."

"नक्की ना?"

"आजोबांवर विश्वास नाही होय तुझा?"

ती हसून बसली. अकराव्या प्रश्नाला वायफाय गेलं. आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी परीक्षा आपोआप बंद झाली.

जे आधी करायला हवं होतं, ते मी मग केलं. त्याच टेबलावर लॅपटॉप उघडला, तर रेंज पूर्ण. कॉम्प्युटर पेटीतून बाहेर काढला, तर त्यालाही पूर्ण. दोन्ही मशिनं चांगली होती. मध्ये माझा पत्रा आला होता. आधी तपासा, मग बोला, असं मुलांना रोज सांगणारा मी.

"जाऊ द्या आजोबा, पुढच्या वर्षी देईन," दिव्या म्हणाली.

परीक्षा फक्त सातवीच्या मुलांसाठी होती. पुढच्या वर्षी ती आठवीत असणार, हे तिलाही माहीत होतं.