बडगीतलं भरीत

दर हिवाळ्यात आमच्या मळ्यात भरीत पार्टी होते. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि पोरांनी केळीत धुडगूस घालायचा. माझा नवरा हितेंद्र आणि त्याचा दोस्त निंबा मात्र विहिरीमागे बाटली घेऊन बसायचे.

यंदा विहिरीमागे कोणी गेलं नाही.

हितेंद्रच्या पायांवर सूज आली, डॉक्टरांनी लिव्हरची सोनोग्राफी दाखवली, तरी तो हसला होता. मी रडले, शपथा घातल्या, महिनाभर पारोळ्याला माहेरी जाऊन बसले. काही उपयोग नाही. मग निंबा एवढंच म्हणाला, "मी सोडी देस, तू बी सोडी दे." आणि दुसऱ्या दिवशी सुटली! बारा वर्षांत माझ्या रडण्याला जी किंमत आली नाही, ती त्या मिशाळाच्या एका वाक्याला आली.

सोडून आठच दिवस झालेले. हितेंद्र वांगी ठेचायला बसला, तर हात थरथरायला लागले. मी पुढे होईपर्यंत निंबाने त्याच्या मुठीवर मूठ ठेवली, आणि दोघं मिळून ठेचू लागले. पोरं खिदळली. हितेंद्रही हसला. माझ्यासोबत तो असा कधी हसला नव्हता.

"वहिनी, आते तरी खुश ना?" निंबाने विचारलं.

"खूप," मी म्हणाले आणि बडगीत दुप्पट मिरच्या टाकल्या.

बारा वर्षं मी देवापुढे रडत होते, बाटली नाहीतर निंबा, दोघांपैकी एक तरी सुटू दे.

सुटली ती बाटली.